जेलीतला ग्रुंडी

(आर्डिसच्या घराचं तळघर. गुरुवार, दुपारचे तीन. टेबलावर एक मोठी ताटली, झाकून ठेवलेली.)

डेल्मार : हे तुझं भांडं. पोचलं. चल व्हर्ना, निघू.

आर्डिस : अरे, अकरा वर्षांनी भांडं परत करतोस आणि बूटसुद्धा काढत नाहीस?

डेल्मार : दोन मिनिटांसाठी कशाला काढायचे?

व्हर्ना : गालिच्यावर बर्फ गळतोय त्याच्या बुटांचा! आर्डिस, तू नको लक्ष देऊस. त्या भांड्याच्या बुडाला तुझ्या नावाची चिकटपट्टी. दर वेळी कपाट उघडलं की तू माझ्याकडे बघायचीस. म्हटलं, आज नवऱ्यालाही घेऊन जायचं आणि भांडंही.

आर्डिस : बरं केलंस. बसा.

डेल्मार : मी खेळणार नाहीये.

आर्डिस : खेळ म्हणालं कुणी?

व्हर्ना : मला एकदा कळू दे तरी, हा खेळ असतो काय? लग्न झाल्यापासून तीस वर्षं हा दर गुरुवारी इथं पळायचा. मला वाटायचं, पत्ते कुटताय.

आर्डिस : सोपं आहे गं. मी गोष्ट सांगते, हे लोक त्या गोष्टीतली माणसं होतात. भुयारात शिरतात, राक्षस समोर येतो. जगले का मेले, ते हा वीस बाजूंचा फासा ठरवतो.

डेल्मार : फासा नाही, ही ठरवते. पुठ्ठा उभा करून त्याच्याआड फासा टाकते आणि मनाला येईल तो आकडा सांगते.

व्हर्ना : म्हणजे ते ग्रुंडीचं रडगाणं हेच का?

डेल्मार : रडगाणं काय? तीस वर्षं ग्रुंडी होतो मी. बुटका, कुऱ्हाडवाला, दाढीत चीज लपवणारा. आणि हिनं त्याला जेलीच्या घशात घातला.

व्हर्ना : जेलीच्या?

आर्डिस : माझा लाडका राक्षस. भुयाराएवढा चौकोनी ठोकळा, आरपार दिसणारा. सरकत सरकत येतो, वाटेत सापडेल ते पोटात.

व्हर्ना : शी! राक्षस म्हणजे ड्रॅगन तरी असावा.

आर्डिस : ड्रॅगन फार बोलतो. दोन तास नुसतं स्वतःचं कौतुक. जेलीचा कुणावर राग नसतो. आणि ती खरी असते हं, माझ्या हातून झालीय. चर्चच्या जेवणाला एकदा लिंबाची केली, ती एवढी मोठी की पास्टर मॅट्सनचा चष्मा आत गेला. थेट ईस्टरला सापडला. तोवर बिचारे पाठ असलेलं एकच प्रवचन करत होते.

डेल्मार : मागच्या वेळी सांगितलंस तेव्हा टोपी होती.

आर्डिस : टोपी वेगळ्या जेलीत.

डेल्मार : विषय बदलू नकोस. ग्रुंडी गेला त्या दिवशी तू मुद्दाम पुठ्ठा पाडलास.

आर्डिस : कोपर लागलं रे माझं! पुठ्ठा आडवा, फासा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. तीन! आता काय तेरा सांगू?

डेल्मार : आधी सांगायचीसच की!

आर्डिस : ...तुला माहीत होतं?

डेल्मार : तीस वर्षं जिवावर बेतलं की दर वेळी सतरा? मी काय खुळा आहे?

आर्डिस : मग रुसलास कशाला? मी खोटं बोलले तोवर गप्प बसलास, आणि एकदा खरं निघालं तर भांड्यासकट पसार!

डेल्मार : त्याच आठवड्यात रॅसीन शहरातल्या डॉक्टरांनी माझ्या हृदयाचं सांगितलं होतं. कुणाला बोललो नाही. म्हटलं, निदान ग्रुंडी तरी... जाऊ दे.

व्हर्ना : मला कळलं होतं. गोळ्या बुटात लपवायचास. बुटात कोण ठेवतं गोळ्या?

डेल्मार : ग्रुंडी ठेवतो.

आर्डिस : मला सांगायचं नाही का, बावळटा? ...ते झाकण काढ.

डेल्मार : काय आहे?

आर्डिस : काढ तर.

व्हर्ना : अगंबाई, हिरवी जेली! गाजराचा कीस घातलेली. आणि आत हा कुऱ्हाड घेऊन कोण उभाय?

डेल्मार : ...ग्रुंडी.

आर्डिस : तुझी खेळातली शिशाची बाहुली इथंच टाकून गेला होतास. पिशवीत बांधून मग घातलीय, विष नाही लागायचं. अकरा वर्षं दर गुरुवारी ताजी जेली करते आणि याला आत उभा करते.

व्हर्ना : दर गुरुवारी?

आर्डिस : बरं, आज सकाळीच केली. तुझा फोन आला म्हणून. पण अकरा वर्षं म्हटलं की ऐकायला बरं वाटतं ना? बाहुली मात्र सांभाळली हं, ते खरं.

डेल्मार : मेलेल्याला सांभाळून काय करायचं?

आर्डिस : मेला कुठं? ड्रॅगननं गिळलेला माणूस दिसतसुद्धा नाही. जेलीच्या पोटातला दिसत राहतो, म्हणून तर मला ही आवडते. तीन आला, ग्रुंडी आत गेला, इतकंच. सुटायचा एक फासा बाकी होता, त्याआधीच तू दार आपटलंस. दहाच्या वर आला की तो बाहेर.

डेल्मार : आणि खाली आला तर?

आर्डिस : तर संपला. आज पुठ्ठा नाही. घे, तुझ्या हातानं टाक, सगळ्यांसमोर. नंतर माझ्या नावानं बोटं मोडायला नकोत.

व्हर्ना : टाक रे. ...मूठ का उघडत नाहीस?

डेल्मार : थंडी आहे.

आर्डिस : तळघरात शेगडी पेटलीय, डेल्मार.

डेल्मार : तो पुठ्ठा आहे का अजून?

आर्डिस : आहे. मधे फाटला होता, टेप लावलीय.

डेल्मार : उभा कर. आणि फासा तूच टाक. मी बघणार नाही.

आर्डिस : नीट विचार करून सांग हं.

डेल्मार : अकरा वर्षं दुसरं काय केलं?

आर्डिस : हं. ...टाकला.

व्हर्ना : बघू बघू. अगं आर्डिस, हा तर...

आर्डिस : व्हर्ना, त्या खालच्या खणात चमचे आहेत बघ. तीन आण.

डेल्मार : किती आला?

आर्डिस : एकोणीस.

डेल्मार : एकोणीस. बरं... थांबा, आधी बूट काढतो.