माळावरची मेंढरं

हुमनाबादच्या स्टँडवर दिवेलागणीला मंजुश्री कलबुर्गीच्या बसची वाट बघत होती. एकाएकी आभाळातून हिरवट आगीचा लोळ सरसरत गेला आणि सगळं स्टँड क्षणभर उजळलं. तिच्या शेजारी बसलेल्या दोघी म्हाताऱ्या नणंद-भावजया बोलू लागल्या.

"बघितलंस का, राजूबाई?"

"व्हय अक्का. आमच्या लग्नाच्या साली बी असाच पडला हुता, दुबलगुंडीच्या माळावर."

"तवा तू मेंढरं सोडून पळालीस."

"मी न्हाई, तुमचा भाऊ पळाला. मी एकटीच मेंढरं धरून उभी ऱ्हायले."

"त्यो तर साऱ्या गावाला सांगायचा, बायकू पळाली म्हणून."

"सांगू दिलं. नवऱ्याची लाज राखावं लागतंय."

"मग आज कामून बोलायलीस?"

"त्यो गेला. मी बी आज पुण्याला पोराकडं चालले, आता कायमची. एकाला तरी खरं सांगून जावं म्हणलं."

अक्का हसता हसता पदरानं डोळे पुसू लागली.

"मला ठावं हुतं गं. त्या सांजेला त्यो धापा टाकत घरी आला आन् माझ्याच मागं लपला."

"आन् तुमी इतकी वर्सं बोललाव न्हाई?"

"तू झाकायलीस, मग मी कामून उघडं करू?"