फेबियन काकांचा चेहरा

या मेजवानीचे अध्यक्ष आणि साप्ताहिकाचे संपादक मिस्टर ड्रेन, त्यांच्या उजव्या हाताला बसलेल्या कादंबरीकार मिसेस ओकशॉट, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते चित्रकार मिस्टर सेप्टिमस लॉरिमर, छापखान्यातील मंडळी, आणि मागच्या बाकांवर दाटीने बसलेल्या क्लार्कनवेलच्या माझ्या शेजाऱ्यांनो,

मी ॲम्ब्रोज टकवेल, औषधविक्रेता. मघाशी मी उठलो तेव्हा दुसऱ्या रांगेतल्या एक बाई शेजारणीला म्हणाल्या, "अगं, हा तोच!" आणि त्यांनी आपला पेला स्वतःकडे ओढून घेतला. बाई, मला ऐकू आले बरे का. मी तो नव्हे. पण तुमची चूक नाही. गेली दीड वर्षे मी हेच सांगत फिरतो आहे आणि माझ्यावर कोणीही विश्वास ठेवलेला नाही.

मिस्टर लॉरिमर यांची चित्रे सत्तावीस वर्षे आपण पाहिली. पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळ्या शाईच्या रेषा, एवढाच सारा प्रपंच. पण त्या रेषांतून धुके दिसायचे, घोड्याची लाळ दिसायची. आत्ताच अध्यक्षांनी सांगितले की गेल्या दोन वर्षांत त्यांची रेषा पूर्वीपेक्षा ठाम झाली, "अधिक पुरुषी झाली". हा शब्द कृपा करून लक्षात ठेवा.

मिसेस ओकशॉट यांची मालिका सुरू झाली तेव्हा आमच्या घरीही ती मोठ्याने वाचली जाई. अनाथ पुतणीला सांभाळणारे फेबियन काका तीन अंक देवमाणूस होते. चौथ्या अंकात त्यांनी तिच्या सूपमध्ये सोमलाचे विष घातले. तो अंक हातात घेऊन मी दिव्याखाली बसलो, चित्र पाहिले, आणि वाचायचाच थांबलो. पहिल्या तीन अंकांत ज्या साम्याची मला गंमत वाटली होती, तेच साम्य आता सूप ढवळत होते. माझे नाक, माझे कल्ले, माझी अर्धवट मिटलेली डावी पापणी.

विष विकण्याचा परवाना असलेल्या माणसाला असा चेहरा मिळाला तर काय होईल? सांगतो. खाटकाच्या पत्नी मिसेस बज खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन परत आल्या. त्या इथे आहेत, म्हणून शब्दशः सांगतो.

"मिस्टर टकवेल, राग मानू नका, पण आधी एक घोट तुम्ही घ्या."

"बाई, मला खोकला नाही."

"नाही ना? मग औषध औषधच असेल तर तुम्हाला भीती कसली?"

मी घोट घेतला. पुढच्या महिन्याभरात मी पोटदुखीचे, दातदुखीचे आणि बाळंतिणीचेही औषध घेतले. मग आमच्या भागातला पोलीस शिपाई आला आणि विषविक्रीची वही मागू लागला. मी विचारले, "वरिष्ठांचा हुकूम आहे का?" तो टोपी फिरवत म्हणाला, "तसं नाही. आमच्या घरातून हुकूम आहे." उन्हाळा संपता संपता दुकानात येणारी माणसे फक्त वाट विचारायला येत होती.

मी तक्रार घेऊन संपादकांकडे गेलो. अध्यक्ष महोदय, आपल्याला आठवत असेल. आपण म्हणालात, "आमचे चित्रकार चेहरे कल्पनेतून काढतात. आता कुणाचा चेहरा कल्पनेतही सापडावा इतका सर्वसाधारण असेल, तर त्याला साप्ताहिक काय करणार?"

मी घरी आलो आणि सारे अंक टेबलावर मांडून दुकानातले भिंग घेऊन बसलो. मिस्टर लॉरिमर आमच्या समोरच्याच माडीवर राहतात. खिडकीतून पाहून त्यांनी मला काढले असणार, असा माझा समज होता. पण भिंगाखाली वेगळेच दिसले. फेबियन काकांच्या टेबलावर तोटीला पत्रा ठोकलेली किटली होती. ती आमच्या मागच्या खोलीत असते. रस्त्यावरून दिसत नाही. काकांच्या डाव्या कानामागे मस होता. तो मस जगात दोनच माणसांना ठाऊक होता. एक माझा न्हावी, तो आदल्या वर्षी वारला. दुसरी माझी पत्नी हेस्टर.

सभ्य स्त्रीपुरुषहो, संशय एकदा घरात आला की तो कोणत्या खुर्चीवर बसेल ते सांगता येत नाही. मला एकेक गोष्ट दिसू लागली. हेस्टरच्या मधल्या बोटाला काळा डाग असे. दर गुरुवारी दुपारी ती चर्चमधल्या बायकांबरोबर शिवणकामाला जाई. पण सुईने बोट काळे कसे होईल? ती पत्रे लिहीत होती काय? कुणाला? आणि समोर राहणारा तो अविवाहित गृहस्थ दर आठवड्याला माझ्याकडून खांद्याला चोळायचे तेल नेताना माझ्या नजरेला नजर का देत नव्हता? ज्याला अख्खा मोहल्ला विष घालणारा समजत होता, तो मी आता बायकोने ओतलेला चहा हुंगून पिऊ लागलो.

एका गुरुवारी मी दुकानाला कुलूप लावले आणि तिच्या मागे निघालो. ती चर्चकडे वळलीच नाही. रस्ता ओलांडून ती समोरच्या जिन्यात शिरली. मी पन्नासपर्यंत आकडे मोजले, वर गेलो आणि दार न वाजवता ढकलले.

मिस्टर लॉरिमर कोचावर बसले होते. त्यांचे दोन्ही हात गरम पाण्याच्या घमेल्यात होते, आणि पाण्याला लहरी येत होत्या, कारण ते हात थरथरत होते. खिडकीपाशी टेबलावर, बाह्या वर सरकवून, हातात टाक घेऊन हेस्टर बसली होती. तिच्यासमोरच्या पुठ्ठ्यावर मी होतो, ओल्या शाईत.

अध्यक्ष महोदय, घंटा वाजवू नका. हे सांगायला मला स्वतः मिस्टर लॉरिमर यांनीच उभे केले आहे. ते म्हणाले, "मी बोलायला लागलो तर ड्रेन मला खाली बसवतील. तुम्ही बाहेरचे. तुम्हाला कोण अडवणार?"

तर मी दारातच ओरडलो, "हेस्टर! हे काय चाललंय?"

"दार लावा आधी," ती म्हणाली. "वाऱ्याने पुठ्ठा उडेल."

मग मला सारे कळले. मिस्टर लॉरिमर यांच्या हातातून टाक निसटू लागला होता. माझ्या दुकानातल्या बाटल्यांवर, वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी, हेस्टर त्या त्या वनस्पतीचे पान काढून चिकटवत असे. तेलाच्या बाटलीवरचे असे एक पान पाहून त्यांनी तिला, चित्रांना हात लावाल का, असे विचारले होते. आधी ती नुसता काळा भाग भरी. पुढे झाडे, पुढे खोल्या. या मालिकेपासून सगळेच. बातमी फुटली असती तर त्यांची जागा गेली असती, आणि बाईचे काम कोणी छापले नसते.

"पण मीच का?" मी विचारले. "लंडनमध्ये दुसरा खुनी चेहरा नव्हता?"

"अहो, तेव्हा तो खुनी कुठे होता!" हेस्टर म्हणाली. "पहिल्या तीन अंकांत किती चांगला माणूस होता तो. मिस्टर लॉरिमर म्हणाले, मायाळू चेहरा काढा. मला दुसरा येईना. चौथ्या अंकाचा मजकूर आला, तो वाचून मी याच खुर्चीत रडत बसले. तोवर तुमचा चेहरा छापून गेला होता."

"मग बदलायचा!"

कोचावरून मिस्टर लॉरिमर म्हणाले, "तीन आठवडे वाचकांनी पाहिलेला चेहरा चौथ्या आठवड्यात बदलता येत नाही, टकवेल. दोष माझा आहे. तुमच्या दुकानाकडे मी रोज या खिडकीतून पाहत होतो, आणि गप्प राहिलो."

"आणि तू? तू मला सांगितलं का नाहीस?"

हेस्टरने टाक खाली ठेवला. "तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही नुसता चहा हुंगत होतात."

प्रामाणिकपणे सांगतो, मी लगेच विश्वास ठेवला नाही. घरी येऊन तिसऱ्या आणि नवव्या अंकातले चेहरे पुन्हा भिंगाखाली ठेवले. तिने भुवई तिरकी केली असेल, ओठ आवळले असतील, असे मला पकडायचे होते. एकही रेषा बदललेली नव्हती. काका जसे पुतणीला सूप देत होते तसेच सोमल देत होते. बदल आमच्या पाहण्यात झाला होता, आणि त्यात मीही आलो.

अध्यक्ष महोदय, मिसेस ओकशॉट यांच्या नव्या मालिकेचे पहिले चित्र आज सकाळी आपण मंजूर केलेत. मघाच्या भाषणात त्याला "लॉरिमर यांची अखेरची आणि सर्वोत्तम कृती" म्हणालात. ते चित्र ज्या आठवड्यात झाले त्या आठवड्यात मिस्टर लॉरिमर मार्गेटला बहिणीकडे होते. आता आपण माझ्याकडे ज्या नजरेने पाहत आहात, ती मला चांगली परिचयाची आहे. चित्रकर्ती तिसऱ्या रांगेत राखाडी टोपी घालून बसली आहे. हवे तर तिलाच विचारा.

काय म्हणालात, मिसेस ओकशॉट? जरा मोठ्याने... "माझ्या कथेला हाच हात हवा, नाही तर कथा दुसरीकडे जाईल." आभारी आहे, बाईसाहेब. मागच्या बाकांपर्यंत पोहोचले. अध्यक्षही मान हलवत आहेत. ती होकारार्थी आहे असे मी तूर्त समजून चालतो.

एकच गोष्ट राहिली. जुन्या मालिकेच्या शेवटच्या अंकात न्यायाधीश फेबियन काकांना फाशी सुनावतात. ते चित्र हेस्टरला काढता येईना. तीन पुठ्ठे तिने फाडले. चौथ्या दिवशी ती मला म्हणाली, "अहो, जरा उभे राहा. खुर्चीच्या पाठीला धरून. नाही, तिकडे तोंड करा. माझ्याकडे पाहू नका." त्या चित्रात कोर्टातल्या प्रत्येकाचा चेहरा आहे, आरोपीची फक्त पाठ आहे. वाचकांची पत्रे आली की ही युक्ती केवढी कुशल! मी तासभर भिंतीकडे पाहत उभा होतो. मागे टाकाचे खरखरणे ऐकू येत होते. मध्येच ते थांबले. बराच वेळ थांबले. वळून पाहावे असे फार वाटले. मी वळलो नाही. मग पुन्हा टाक चालू झाला.

मिस्टर लॉरिमर, आपल्या हातांना विसावा लाभो. तेलाची बाटली दर आठवड्याला मी स्वतः आणून देईन. मंडळी, एका दुकानदाराचे लांबलेले बोलणे आपण ऐकून घेतलेत, याबद्दल ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कोणाचे मन दुखावले असेल, तर मोठ्या मनाने मला माफ करावे.