उत्तरासाठी पाच सेकंद

...न्हाई न्हाई, मला सांगा, मी वर्गात नुसते व्हिडिओच दाखवतो म्हणून माझ्यावरच कामून डाफरायलात? भालकीच्या कॉलेजात चौदा वर्षं मानसशास्त्र शिकवायलोय! पुस्तकं इंग्रजीत, निम्मी पोरं मराठी बोलणारी, निम्मी कन्नड, एक वाक्य तीनदा सांगेस्तवर घंटा होती... आमचे प्राचार्य शिवशंकरप्पा म्हणले, "सर, व्हिडिओ करून टाका की! पोर्शन मुगीतु!" म्हंजे संपला. संपविला! तवापासनं कोण काय बी विचारू दे, माझं उत्तर ठरलेलं: लिंक टाकलीय की ग्रुपवर!

तर तुम्हाला सांगतो, समुपदेशनावर माझाच एक व्हिडिओ हाय. मान तिरपी करून, आवाज मऊ करून मी विचारतो, "काय व्हायलंय तुम्हाला? सावकाश सांगा..." मग पाच सेकंद गप. पोरांनी वहीत उत्तर लिहावं म्हणून हो! आन मग लगेच, "छान! आता पुढचा मुद्दा."

मंठाळची पंचशीला, मागल्या बाकावर बसती, एक दिवस जिन्यात आडवी आली. "सर, अप्पा वारल्यापासनं आई बोलतच न्हाई. आठ महिनं झालं. काय करू?" आन मी काय म्हणावं? लिंक टाकलीय की ग्रुपवर! लाज वाटती सांगताना. पर म्हणलो.

चौथ्या दिवशी पोरगी पुन्हा दारात. "सर, आई बोलली!"

"बघ! म्हणलो नव्हतो?"

"तुम्ही विचारलात ना, काय व्हायलंय, तशी आई मोबाईलकडं बघून बोलायली... 'सर, मी शेतात व्हते, मला कुणी सांगितलंच न्हाई...' आन तुम्ही म्हणलात, छान, आता पुढचा मुद्दा."

छान! अहो, मीच म्हणलो की ते!

"आई तवापासनं पुन्हा गप हाय, सर. एकदाच विचारली, सर रागावले का म्हणून."

आता ह्याची कुठली लिंक टाकू? सांगा की!

रविवारी बस धरली, मंठाळ गाठलं. पोरीची आई, इंदिराबाई, समोर बसल्या. मला चौदा वर्षांतलं एक वाक्य आठवंना! पाच सेकंद गेले, पाच मिनिटं गेली, चहा गार झाला. मग बाई बोलायल्या. ऊन भिंतीवरनं उतरलं तरी बोलायल्या. मी नुसता मान हालवायलोय, डोळे पुसायलोय.

निघालो, तर मागं पोरीला सांगायल्या, मला चांगलं ऐकू आलं... "पंचशीला, तुझ्या सरांना काय बी येत न्हाई गं. पर ऐकत्यात बिचारे."