चेहरा जमला, रडणं राहिलं

यवतमाळहून दिग्रसला निघालेल्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर बंजारा समाजातल्या हंसाबाई आणि त्यांची इंजिनिअरिंगला असलेली लेक राखी बसल्या होत्या. राखीनं कॉलेजात बनवलेली रोबोटबाई पाहून दोघी परतत होत्या.

“याडी,” राखी आईला म्हणाली, “तू सगळ्यांसमोर रोबोटच्या गळ्यात पडून रडली!”

“मंग? चेहरा त तुनं उज्ज्वलाफुफीचाच, तुझ्या आत्याचाच लावला. अंगात फेटिया-कांचळी, अन् बोलली बी आपली गोरबोली. मले वाटलं, उज्ज्वलाच आली. आपल्या बाया लय दिवसांनी भेटल्या का रडतेतच ना?”

“रडतेत. पन थे मशीन हाय.”

“समजलं मले. मी हंबरडा फोडून राह्यली, अन् थे म्हणते, ‘मी तुमची काय मदत करू?’”

“सर म्हणे, चेहरा जमला, आता हिले रडनं शिकवा.”

“शिकव मंग.”

“तुझा आवाज पायजे. रड ना थोडं मोबाईलमध्ये.”

“इथं? कंडक्टरकडे पाहून? समोर आपलं माणूस असलं का आपोआप येते.”

“मावशी येऊन राह्यली ना स्टँडवर. दिवाळीपासून भेटली नाही तुले.”

“हाव! तवा चालू ठेव मोबाईल.”

दिग्रसच्या स्टँडवर दोघी बहिणी गळ्यात गळा घालून, माहेरच्या एकेकाचं नाव घेत सुरात रडल्या. मग हंसाबाईंनी डोळे पुसले.

“मोबाईलमध्ये भरलं काय?”

“राहूनच गेलं, याडी. मीच रडत बसली.”

“थांब मंग. मी पुन्हा बसमधून उतरते.”