काहूनची टाळी

नाही, शकु नाटकाच्या तालमीला येणार नाही, अन् चहाही नाही टाकत मी — बसायचं तर बसा, सर, पण ती सफरचंदं उचला टेबलावरून. चावतील का शकुचे बाबा? लकवा मारला माणसाला, अर्धं तोंड वाकडं आहे! स्पर्धा जवळ आली म्हणता? येऊ द्या. तुम्ही पुण्याहून आले, मंडळाच्या पोरांची मराठी धुवायला. इथं पोरं दिवसभर हिंदीत राहतात, घरी येऊन दोन शब्द आपले बोलतात, तेही खपलं नाही तुम्हाला — काहून म्हणू नका, करून राहिलो म्हणू नका, गावंढळ दिसते! बरं बापा, सांगा ना, सांगायला कोण नाही म्हणते? पण ती पाण्याची पद्धत कुठली विद्या हो? जो चुकला त्यानं तोंडात पाण्याचा घोट धरून उभं राहायचं, अन् दुसऱ्याची चूक पकडून टाळी वाजवली की सुटका! पोरं नाटक शिकून राहिले की पाळत ठेवायला? माझी शकु पहिले पहिले रडत यायची राइट टाउनच्या तालमीहून. मग नाही रडली. हुशार आहे ना, टाळीत पहिला नंबर! तुम्हीच सांगत होते मंडळात, शकुचा कान तयार झाला. झाला ना. मस्त तयार झाला.

आता ऐका. लकवा आल्यापासून शब्द नव्हता यांच्या तोंडात. डॉक्टर म्हणे, इनको बुलवाते रहिए. मी रोज उशाशी बसायची — आलू म्हणा, वांगं म्हणा, सांभार म्हणा, काही तर म्हणा हो! काही नाही. अन् मागच्या रविवारी शकु पायाशी बसून रडून राहिली होती, तर हे एकदम बोलले. पूर्ण वाक्य, सर! "काहून रडून राहिली, बाई?" — अन् पोरीनं टाळी वाजवली. मला वाटलं, आनंदाची. मीही वाजवली! हो, मीही, येड्यासारखी वाजवत सुटली. अन् ती म्हणते, "काहून नाही, बाबा. का." — खाली काय पाहून राहिले, सर? इकडं पाहा. तिचं तिलाच नाही कळलं, हात आपोआप उठले तिचे, मग तोंड दाबून मोरीत पळाली. तिला काय बोलू मी? पण यांना कळलं. मिटलं तोंड.

काय? मुख्य भूमिका तिची आहे? तिच्याशिवाय नाटक पडेल? पडू द्या! अन् हे परत बोलतात ना आता, बोलतात हळूहळू, माझ्याशी मराठीच बोलतात. तिच्याशी हिंदी. जन्मभर फॅक्टरीत हिंदी बोलला हा माणूस, पण उंबऱ्याच्या आत एक शब्द नाही येऊ दिला, अन् आता पोटच्या पोरीशी — थांबा. ऐका, आतून. "बेटी, खिड़की बंद करना." ऐकलं? नाव नाही घेत तिचं. वाकड्या तोंडातून श निघत नाही, सकु होते, म्हणून बेटी म्हणतात. स्वतः ठेवलेलं नाव घ्यायला भेतात, सर. निघा तुम्ही.