सातातले चार कुठे गेले?

आदरणीय अध्यक्ष महोदय, मंचावर बसलेले पाहुणे, आमच्या मुख्याध्यापिका, सहकारी, पालक, पुढच्या सतरंजीवर चुळबुळणारी बाळगोपाळ मंडळी, आणि आज ज्यांना निरोप द्यायचा त्या पहिलीच्या बाई,

बाईंचं कौतुक मी करावं, हा जरा विनोदच आहे. कारण अकरा वर्षांपूर्वी त्यांच्याविरुद्ध तक्रार केली ती मीच. दचकू नका, बाईंना ठाऊक आहे.

मी दुसरीला शिकवायचो. भिंतीपलीकडे बाईंचा वर्ग. चार महिने रोज तेच कानावर यायचं. बाई सात बटणं ठेवायच्या, काही मुठीत लपवायच्या आणि विचारायच्या, "तीन दिसतात. सातातले चार कुठे गेले?" अहो, मुलंच ओरडून सांगायची, "चार तुम्हीच सांगितलेत!" मग बाई हसून नवा डाव मांडायच्या. शंभरापर्यंत अंक घोटून घ्यायचे सोडून हे काय चाललंय? मी मुख्याध्यापिकांना पत्र दिलं, की मुलं दहाच्या पुढे सरकलेली नाहीत, बाईंकडून पहिली काढून घ्यावी.

मुख्याध्यापिका एवढंच म्हणाल्या, आठवडाभर वर्ग बदला, मग बोलू.

पहिल्याच दिवशी मी ऐटीत फळ्यावर आठ अधिक पाच लिहिलं. म्हटलं, आता फजिती बघू. शिंपीकाकांची धाकटी, बाकावरून पाय जमिनीला न टेकणारी, लगेच म्हणाली, तेरा. माझी दुसरीची मुलं तर बोटं संपली की शेजाऱ्याची उसनी घेत! मी विचारलं, पाठ केलंस का?

"नाही सर. आठाला दहा व्हायला दोन हवे होते. पाचाने दिले. त्याच्याकडे तीन उरले."

मी तिला अडवायला गेलो. म्हटलं, आणि आठाने पाचाला दिले तर? तिने क्षणभर छताकडे पाहिलं.

"पाचाला पाच लागतील. मग आठाकडे तीन उरतील. सर, दोन्हीकडून तेराच येतात."

खरं सांगू? इतकी वर्षं मी हातचा घ्यायला शिकवत होतो, पण तो येतो कुठून, हे मला त्या दिवशी नीट दिसलं. चेहरा लपवायला मी फळा पुसत बसलो. फळ्यावर त्या एका बेरजेशिवाय काहीच नव्हतं.

शनिवारी मी मुख्याध्यापिकांकडे पत्र परत मागायला गेलो. बाई तिथेच होत्या. मी मान खाली घालून माफी मागितली. त्या म्हणाल्या, "पत्र राहू द्या. त्यात एक गोष्ट खरी आहे. मी काय करते ते मी कुणालाच समजावलं नाही." त्यानंतर दर महिन्याला पालकांची सभा सुरू झाली. बटणं बाईंची, बोलणं माझं. एका वडिलांनी उठून सांगितलं, पोरीने माझ्या सदऱ्याची सहाच्या सहा बटणं काढली, दोन आणि चार करून दाखवायला. बाईंनी ती स्वतः शिवून दिली.

गेल्या आठवड्यात मुख्याध्यापिकांनी विचारलं, पहिली आता कुणाला द्यायची? बाईंनी माझं नाव सुचवलं. म्हणाल्या, "यांना पटायला वेळ लागला होता. न समजणाऱ्या मुलावर हे चिडणार नाहीत."

बाई, तुमच्या वर्गात सोमवारी मी उभा राहीन. सात बटणं मांडून पहिला प्रश्न तोच विचारीन.

आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलता बोलता कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या.