न्हाणीची खिडकी

न्हाय न्हाय दीपकराव, आत न्हाय, भाईरच. ह्या भाईरच्या भिंतीला बसवा — वर पत्रा घालून घेतलाय मी पावसासाठी, गॅसची टाकी हितं खाली उभी ऱ्हाईल, आन् गरम पाण्याचा पाईप तेवढा भोक पाडून आत घ्या. तुमी बारामतीला रोज चार गिझर बसवीत आसाल, तुमाला मी काय शिकवणार, पर सांगितल्याबिगर मला ऱ्हावत न्हाय. लाईटचा का न्हाय घेतला? अवो, सकाळच्या पारी लाईट आसती कुठं हितं निमगावात? आन् चुलीम्होरं बसून बसून आमच्या कारभारणीच्या, बानूबाईच्या, डोळ्यांची वाट लागली. डॉक्टर म्हणला, मावशी, आता धूर बंद. म्हणून ह्यो घाट घातला, न्हायतर सात वर्सं ह्या घरात गॅसवर आंघुळीचं पाणी तापलं न्हाय.

ते काय काढलं खोक्यातनं? कागद? न्हाणीच्या दाराला चिकटवायचा म्हणता — वाचा बरं, माझा चष्मा घरात हाय. 'खिडकी कधीही बंद करू नये.' व्हय, बरोबर हाय. पर चिकटवू नका. नेम आसंल कंपनीचा, आसू द्या. बानूबाईला वाचाय येत न्हाय, तिचं भ्या न्हाय. पर आमची नात हाय ना, राजी — दुसरीला हाय, नुकतंच वाचाय लागलीया — दिसंल ते मोठ्यांदा वाचती. यष्टीची पाटी वाचंल, बिस्किटाचा पुडा वाचंल, खताचं पोतं वाचंल, आन् सगळं आजीम्होरं. आजी म्हणती, वाच गं माझे वाघिणी. मग ह्यो कागद ती सोडंल व्हय?

मग काय झालं म्हणता — बसा हितं, पाईपाला साबणाचा फेस लावून गॅस गळतोय का ते निवांत बघा, मी बोलतो. राजीची आई म्हंजी आमची रोहिणी, एकुलती एक लेक. बाळंतपणाला आलती. पौषातली थंडी. बाळंतिणीला कढत पाणी लागतं भरपूर, म्हणून मीच हौसेनं असला गिझर आणला. बसवणाऱ्यानं आत टांगला आन् गेला, बोलला काय न्हाय. खिडकी हुती की, हीच ही. उघडी हुती. आता बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून आमच्यात लई जपत्यात — कानाला फडकं, दाराच्या फटीला पोतं — बानूबाईनं आपल्या जुन्या लुगड्याचा बोळा केला आन् खिडकीत…

म्हंजी, कोंबला कुणीतरी. घरात चार बाया हुत्या. कुणी का कोंबला आसंना.

बरं, निघालंच तोंडातनं, तर आता झाकून काय करू. तिनंच कोंबला. आईच ती, लेकीला गारठा बाधंल आसं वाटलं तिला. बाळाची आंघूळ उरकली, बाळाला शेकाय घिऊन ही भाईर आली आन् लेकीला म्हणली, दार लावून घे बाई, घे निवांत चार तांबं. बाळ शेकून झालं, निजलं, तरी रोहिणी येईना. पाण्याचा आवाज चालू हुता, मग कुणाला काय वाटणार? दार मी तोडलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणला, बंद जागंत ह्यो गॅस हवाच इषारी करतो — वास न्हाय, धूर न्हाय, माणूस जाग्यावर निजतं. हवा यायला जागा हुती का, म्हणला. मी म्हणलो, हुती. घरी आलो ते आदी न्हाणीत शिरलो, बोळा वडून काढला आन् चुलीत घातला. सगळ्यांस्नी सांगितलं, मशीनच खराब निघालं. मशीनला काय वो, ते भंगारात गेलं. त्याला काय झोप उडती व्हय रातची?

बानूबाई आजून म्हणती, त्या मशीननं माझी लेक खाल्ली. म्हणू दे. त्येच्यावरच जगतीया ती. जावयानं दुसरं लगीन केलं, तरणा हुता, करणारच. पोर हितंच ऱ्हायली आन् हिनं वरच्या दुधावर वाढवली. आता ह्या वयात तिला कळलं की आपल्याच हातानं — मला बायको दिसायची न्हाय वो. खिडकीचं तावदानच मी काढून टाकतो, राजीला मी शिकवतो, पर कागद नको. एवढं ऐका म्हाताऱ्याचं.

काय म्हणला? कधी — मघाशी बानूबाईनं तुमाला पाणी दिलं तवा? मी नळापाशी हुतो, मला काय ऐकू आलं न्हाय. काय इचारलं तिनं? नीट सांगा, तिच्याच शब्दात सांगा. — 'खिडकीत कुणी लुगडं कोंबलं, तर भाईरच्या मशीननं बी माणूस मरंल का?'

लुगडं म्हणली? बानूबाई म्हणली?

मी तर हे कुणाला — चुलीत घातलं तवा घरात कुणी नव्हतं. कुणी नव्हतं बगा. मग सात वर्सं त्या मशीनला शिव्या कुणाला ऐकवीत हुती ही? मी तिला राखत हुतो, दीपकराव. मला वाटत हुतं, मीच राखतोय.

काय बोलू नका. फेस पुसा, आन् जरा तिकडं सावलीला जाऊन बसा. कागद आसू द्या तितंच. राजी शाळंतनं यायच्या आत मला बानूबाईपाशी जायाचं हाय. जावा तुमी.